खलाशी, वकिलात आणि कच्ची कैद

परवा शुक्रवारी रात्री साडेदहाला मामीचा फोन आला. मामी म्हणजे रत्नागिरीची मामी. ती नऊला जेवून झोपणारी बाई, त्यामुळे स्क्रीनवर तिचं नाव दिसल्याबरोबर पोटात गोळा आला. पण तसं काही नव्हतं. "अरे, आपल्या पिंट्याचं जहाजावरचं काम झालं बघ! एजंट म्हणतो पंधरा दिवसांत जॉइनिंग. तू कॉम्प्युटरवाला ना, जरा बघ रे ती कंपनी कशी काय आहे ती."

कॉम्प्युटरवाला माणूस म्हणजे प्रिंटर दुरुस्त करणारा, रेल्वेचं तत्काळ तिकीट काढणारा आणि जगातल्या कुठल्याही कंपनीची कुंडली मांडणारा, अशी आमच्या सगळ्या नातेवाईकांची ठाम समजूत आहे. मी दिवसभर हिंजवडीत बसून दुसऱ्याच्या कोडमधले बग शोधतो हे मामीला सांगण्यात अर्थ नाही. असो. पिंट्याने एजंटाचं पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. लेटरहेडच्या दोन्ही बाजूंना नांगराचं चित्र, खाली जीमेलचा पत्ता, मजकुरात सात स्पेलिंग मिस्टेक. आणि जॉइनिंगचं बंदर : लोमे, टोगो.

लोमे वाचलं आणि झोप उडाली. मंडळी, तुमच्यापैकी किती जणांना कॅप्टन सुनील जेम्स आठवतो?

मी तेव्हा शाळेत होतो. २०१३ सालची गोष्ट. सुनील जेम्स हा मुंबईचा माणूस, 'ओशन सेंच्युरियन' नावाच्या तेलवाहू जहाजाचा कॅप्टन. जुलैमध्ये टोगोजवळच्या समुद्रात त्याच्या जहाजावर चाचे चढले, लुटालूट केली आणि निघून गेले. आता चोरी झाल्यावर आपण काय करतो? पोलिसात जातो. कॅप्टनही तेच करायला लोमे बंदरात गेला. तिथल्या यंत्रणेने त्यालाच धरलं. आरोप काय, तर तू चाच्यांना सामील होतास. त्याच्याबरोबर एका भारतीय खलाशालाही आत टाकलं. खटला उभा राहण्याचं नाव नाही. आठवडे गेले, महिने गेले. डिसेंबरच्या सुरुवातीला त्याचा अकरा महिन्यांचा मुलगा मुंबईत आजाराने गेला. बाप येईल म्हणून घरच्यांनी अंत्यविधी थांबवून ठेवला. मग वर्तमानपत्रांनी उचललं, टीव्हीवर चर्चा झाल्या, कुटुंबीय दिल्लीत थेट पंतप्रधानांना भेटले आणि त्याच महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात कॅप्टन सुटून घरी आला. पाच महिन्यांनी.

आमच्या घरी तेव्हा टीव्हीसमोर आजी म्हणाली होती, "आता सुटला, मग आधी का नाही सुटला?" तिचा हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे. त्याच सरकारने, त्याच टोगोशी बोलून, डिसेंबरमध्ये जे जमवलं ते ऑगस्टमध्ये का जमलं नाही?

आम्हा आयटीवाल्यांना हे दृश्य फार ओळखीचं आहे. कस्टमरचं तिकीट तीन महिने रांगेत पडून असतं. मग तो वैतागून थेट सीईओला मेल टाकतो आणि दुपारपर्यंत चार टीम कॉलवर. पण सगळेच कस्टमर सीईओला मेल टाकू शकत नाहीत. आणि तुरुंगातल्या माणसाकडे मेलही नसतो.

शनिवारी सकाळपासून मी हाच विषय वाचत बसलो. (बायको म्हणाली, मामीने कंपनी बघायला सांगितली होती, पीएचडी करायला नाही.) वाचता वाचता आधी एक गोष्ट लक्षात आली, ती म्हणजे खलाशाला नक्की कोणी सोडवायचं हेच ठरलेलं नसतं. तुम्ही-आम्ही ऑनसाईटला जातो तेव्हा हिशोब सरळ असतो. भारतीय पासपोर्ट, अमेरिकन भूमी, मध्ये एक कंपनी. जहाजाचं तसं नाही. मालक ग्रीक, झेंडा पनामाचा किंवा मार्शल बेटांचा, मॅनेजमेंट सिंगापूरची, माल कुणा चौथ्याचा, पकडणारा देश पाचवा आणि इंजिनरूममध्ये घामाघूम होणारा आपला रत्नागिरीचा पोरगा. समुद्राचा कायदा झेंड्याकडे बघतो, त्यामुळे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात जहाज सोडवून मागायचा अधिकार झेंडेवाल्या देशाचा. माणसाची विचारपूस करायचा अधिकार पासपोर्टवाल्या देशाचा. वकिलाचे पैसे, साधारणपणे, मालकाच्या किंवा त्याच्या विमा क्लबच्या खिशातून. मालक चांगला असेल तर संध्याकाळपर्यंत वकील बंदरात हजर होतो. मालक फुटकळ असेल तर त्याचा फोन बंद. मग उरते ती फक्त वकिलात.

आणि वकिलातीला काय करता येतं? १९६३ चा व्हिएन्ना करार आहे, त्याचं कलम ३६. परक्या देशात माणसाला अटक झाली तर त्याला, वेळ न दवडता, सांगायचं की बाबा, तुझ्या वकिलातीला कळवायचा तुला हक्क आहे. त्याने मागणी केली की कळवायचं. मग वकिलातीचा अधिकारी त्याला भेटू शकतो, बोलू शकतो, पत्रव्यवहार करू शकतो, वकील लावून देऊ शकतो. कुलभूषण जाधव प्रकरणात १७ जुलै २०१९ ला हेगच्या न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी पाकिस्तानला दोषी धरलं ते याच कलमाखाली. हेरगिरीचा आरोप असला तरी वकिलातीची भेट नाकारता येत नाही, असं स्पष्ट सांगितलं. म्हणजे हक्क पक्का आहे. फक्त 'त्याने मागणी केली की' हे चार शब्द नीट वाचा. रात्री दोन वाजता बंदूकधारी लोक जहाजावर चढलेत, भाषा फ्रेंच, समोर कागद ठेवलाय, सही कर म्हणतायत. तेव्हा पिंट्याला कलम ३६ आठवणार आहे का?

बरेच देश कैद्याने स्वतः परवानगी दिल्याशिवाय त्याची माहितीही वकिलातीला देत नाहीत, हे आपलं परराष्ट्र मंत्रालय संसदेतल्या उत्तरांत नेहमी सांगतं. त्याच उत्तरांत आणखी एक वाक्य असतं, जे मला जास्त टोचलं. जिथे भारतीय मोठ्या संख्येने राहतात, तिथल्या काही वकिलाती स्थानिक वकिलांचं पॅनल ठेवतात. ऐकायला अगदी रास्त. दुबईला ठेवा, रियाधला ठेवा, तिथे माणसं आहेत. पण जहाज कुठे जातं? जिथे तेल आहे, जिथे माल आहे, तिथे. तिथे महाराष्ट्र मंडळ नसतं, गणपती बसत नाही, मराठी सोडा, हिंदी बोलणारा दुकानदार भेटणं कठीण. २०१३ ला लोमेमध्ये आपली वकिलातच नव्हती. टोगोचा कारभार शेजारच्या घानातलं आक्राचं उच्चायुक्तालय बघायचं. मध्ये सुमारे दोनशे किलोमीटर, एक सरहद्द आणि इंग्रजीची फ्रेंच. म्हणजे मदतीची आखणी वस्तीच्या हिशोबाने, आणि खलाशी हा बिनवस्तीचा प्राणी.

आता तो मुद्दा, ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो.

खटला चालून शिक्षा झालेला भारतीय कैदी आणि खटल्याची वाट बघणारा, म्हणजे आपल्या भाषेत कच्चा कैदी, यांच्यात आपला कायदा कोणाला जास्त देतो? मी आपला भाबडेपणाने धरून चाललो होतो की ज्याचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही त्याला. उलटं आहे! आपल्याकडे २००३ चा कैदी प्रत्यावर्तन कायदा आहे. ज्या देशांशी करार झालेत, तिथे शिक्षा झालेला भारतीय उरलेली शिक्षा भारतात येऊन भोगू शकतो. आई भेटायला येऊ शकते, भाषा आपली, डाळ-भात आपला. पण त्यासाठी आधी शिक्षा व्हायला हवी, ती अंतिम व्हायला हवी, दोन्ही देशांची संमती हवी. कच्च्या कैद्याला हे दार बंद. म्हणजे निर्दोष माणसाने 'गुन्हा कबूल' म्हणून टाकलं तर घराकडे जायचा रस्ता दिसतो, आणि 'मी केलं नाही' म्हणून झुंजत बसला तर तारखांवर तारखा. हे कोणी मुद्दाम असं रचलंय असं मी म्हणत नाही. सुट्टे सुट्टे दोन मॉड्यूल वेगवेगळ्या टीमने लिहिले की मधली फट कोणाच्याच टेस्ट केसमध्ये येत नाही, तसंच हे.

ही फट छोटी नाही. परदेशातल्या तुरुंगांत, कच्चे-पक्के धरून, दहा हजारांहून जास्त भारतीय असल्याचं सरकारनेच २०२५ मध्ये संसदेत सांगितलं. त्यात खलाशी थोडेच असतील. पण बाकीचे बहुतेक स्वतःच्या पायांनी त्या देशात गेलेले असतात. खलाशाला जहाज नेतं.

आणखी एक गंमत सांगतो. गंमत म्हणजे चीड आणणारी. खलाशांच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, एमएलसी २००६, त्यात २०१८ साली एक दुरुस्ती झाली आणि ती डिसेंबर २०२० पासून लागू आहे. चाच्यांनी किंवा सशस्त्र लुटारूंनी खलाशाला पकडून ठेवलं तर त्या काळात त्याचा करार संपत नाही आणि पगार चालू राहतो. फार चांगलं कलम. पण ते फक्त चाच्यांपुरतं. पकडणारा सरकारी गणवेशातला असेल तर या कलमाचा उपयोग नाही. सुनील जेम्सला चाच्यांनी नेलं असतं तर आजच्या नियमाने त्याचा पगार घरी येत राहिला असता. पोलिसांनी नेलं, तर मालकाची मर्जी.

ज्यांना वाटतं की हे सगळं आफ्रिकेतल्या गरीब देशांत होतं, त्यांच्यासाठी 'हेबेई स्पिरिट'. डिसेंबर २००७, दक्षिण कोरिया. नांगर टाकून उभ्या असलेल्या टँकरवर एक सुटलेला क्रेनचा तराफा येऊन आदळला, तेल किनाऱ्यावर गेलं. टँकरचे कॅप्टन जसप्रीत चावला आणि चीफ ऑफिसर श्याम चेतन, दोघे भारतीय. खालच्या कोर्टाने निर्दोष सोडलं, पण अपील होईपर्यंत देश सोडायचा नाही. वरच्या कोर्टाने डिसेंबर २००८ मध्ये थेट तुरुंगात घातलं. जगभरच्या खलाशी संघटना उठल्या, आपल्याकडेही निदर्शनं झाली, जानेवारीत जामीन मिळाला आणि जून २००९ मध्ये ते घरी पोचले. दीड वर्ष. कोर्टं चांगली, वकील चांगले, मालक पाठीशी, सोलला आपली भलीमोठी वकिलात. तरी दीड वर्ष.

आता आरशात बघू. ऑक्टोबर २०१३ मध्ये आपण 'सीमन गार्ड ओहायो' हे जहाज तामिळनाडूजवळ पकडून तुतिकोरिनला आणलं. चाच्यांपासून व्यापारी जहाजांचं रक्षण करणाऱ्या खाजगी कंपनीचं जहाज, ३५ माणसं, त्यांत ब्रिटिश, एस्टोनियन, युक्रेनी आणि आपले बारा भारतीयसुद्धा. बेकायदा शस्त्रं बाळगल्याचा आरोप. तुरुंग, जामीन, देश सोडायला बंदी, २०१६ च्या जानेवारीत पाच-पाच वर्षांची शिक्षा आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठाकडून सगळे निर्दोष. चार वर्षं! तिकडे इंग्लंडमध्ये त्यांच्या बहिणी, बायका आपल्या सरकारच्या नावाने जे म्हणत होत्या, ते अगदी सुनील जेम्सच्या नातेवाईकांसारखंच असणार. टोगोला नावं ठेवताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

आणि दुसरं टोक 'एन्रिका लेक्सी'चं. फेब्रुवारी २०१२, केरळजवळ इटालियन नौसैनिकांच्या गोळीने आपले दोन मच्छीमार मेले. इटलीने त्या दोघांसाठी काय केलं ते बघा. उपपरराष्ट्रमंत्री स्वतः केरळात येऊन राहिले. तीन-साडेतीन महिन्यांत जामीन. नाताळला घरी जायची परवानगी. पुढे मतदानासाठी पुन्हा घरी, आणि मग चक्क 'आता परत पाठवत नाही' अशी घोषणा! सुप्रीम कोर्टाने इटलीच्या राजदूतालाच देश सोडायला मनाई केली तेव्हा कुठे ते परत आले. त्यातला एकजण नंतर दिल्लीत इटलीच्या दूतावासातच राहत होता. प्रकरण हेगच्या लवादात गेलं, २०२० मध्ये निकाल, २०२१ मध्ये १० कोटी भरपाई घेऊन सुप्रीम कोर्टाने खटला बंद केला. न्यायाच्या दृष्टीने मला हे अजिबात पटत नाही, त्या मच्छिमारांच्या घरच्यांना तर नाहीच पटलं असणार. पण एक देश आपल्या दोन माणसांसाठी किती लांब जाऊ शकतो, ते त्यातून दिसतं. अर्थात ते सैनिक होते, सरकारी माणसं. पिंट्या हा कुणाचाच सरकारी माणूस नाही.

मग काय, आपणही टोगोचा राजदूत अडवायचा? नाही हो. मला असली मर्दुमकी नकोय. 'सरकारने आपली माणसं सोडवून आणलीच पाहिजेत' अशी पोस्ट टाकायला दोन मिनिटं लागतात, पण वकिलात कोणाला तुरुंगातून उचलून आणू शकत नाही आणि आणूही नये. उद्या दुसऱ्या कुठल्या वकिलातीने आर्थर रोडमधून माणूस असा नेला तर आपण काय म्हणू?

उलट मला या बाबतीत आपलीच एक सवय खटकते. आपण मदत मागताना नेहमी 'निर्दोष भारतीय' म्हणतो. टीव्हीवर आईचे अश्रू, पट्टीवर 'निर्दोष'. माहीत कसं? काही खलाशी खरोखर दोषी असतात. थोड्या पैशांसाठी पाकीट इकडून तिकडे नेणारे असतात. वकिलातीची मदत हे चांगुलपणाचं बक्षीस नाही. आरोप काय ते आपल्या भाषेत कळणं, बाजूने बोलणारा वकील असणं, मार न बसणं, घरी एक फोन जाणं, हे दोषी माणसालाही मिळायला हवं. आपण 'निर्दोष' हा शब्द मदतीची अट करून टाकतो, तेव्हा अधिकाऱ्यालाही हात झटकायला जागा मिळते : चौकशी चालू आहे, कायदा आपलं काम करेल.

आपली यंत्रणा वाईटच आहे असंही नाही. २०२२ चं 'हिरोइक इदुन' घ्या. ऑगस्टमध्ये नायजेरियाच्या तेलक्षेत्राजवळ रात्री एक बोट जवळ आली. चाचे समजून टँकर पळाला, धोक्याचा इशाराही दिला. ती निघाली नौदलाची बोट. पुढे इक्वेटोरियल गिनीने जहाज पकडलं. २६ जणांत १६ भारतीय. काहींना किनाऱ्यावर कोठडीत ठेवलं. दंड भरला तरी सोडलं नाही आणि नोव्हेंबरमध्ये जहाज माणसांसकट नायजेरियाच्या ताब्यात दिलं. मालाबोतल्या आपल्या वकिलातीने त्यांच्या भेटी घेतल्या होत्या, विषय संसदेतही निघाला. शेवटी एप्रिल २०२३ मध्ये कोर्टात तडजोड झाली, मालकाच्या बाजूने मोठी रक्कम भरली गेली, माणसांवरचे आरोप गेले आणि मे अखेरीला जहाज सुटलं. नऊ-दहा महिने लागले, पण माणसं एकटी नव्हती. मालक होता, वकील होते, झेंडेवाला देश न्यायाधिकरणात गेला, आपली वकिलात हजर होती. चारही खांब उभे असताना इतका वेळ. मग ज्याच्या बाजूने यातले तीन खांब नाहीत त्याचं काय?

त्याचं काय होतं तेही बघितलं. फेब्रुवारी २०२० मध्ये इराणने पाच भारतीय खलाशांना अमली पदार्थांच्या प्रकरणात पकडलं. एजंटामार्फत गेलेली तरुण पोरं, त्यांत मुंबईचीही. चाबहारच्या तुरुंगात वर्ष काढलं. मार्च २०२१ मध्ये कोर्टाने निर्दोष सोडलं, पण कागदपत्रं हातात नाहीत, म्हणून सुटूनही घरी येता येईना. सुटका ही एक गोष्ट आणि घर गाठणं दुसरी, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.

म्हणून माझी मागणी मोठी नाही, कंटाळवाणी आहे. पहिली भेट किती दिवसांत झाली, हे मोजा. अटक झाल्याचं कळल्यापासून वकिलातीचा माणूस प्रत्यक्ष समोर जाईपर्यंतचे दिवस. तो आकडा दरवर्षी देशवार छापा, नावं नकोत. आमच्याकडे कुठलीही सिस्टीम सुधारते ती त्यावर कोणी भाषण दिल्याने नाही, आकडा भिंतीवरच्या स्क्रीनवर दिसायला लागल्याने सुधारते. तारीख, जामीन, निकाल हे सगळं दुसऱ्या देशाच्या हातात आहे, त्यावर वकिलातीला जाब विचारणं अन्याय आहे. पण पहिली भेट आपल्या हातात आहे. आणि नुकसान सगळं पहिल्या काही दिवसांतच होतं. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावरची सही नंतर कुठलाच पंतप्रधान पुसू शकत नाही.

दुसरं, वकील. २००९ मध्ये सुरू झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी आता प्रत्येक वकिलातीत असतो. आपण परदेशात पासपोर्टचं वगैरे काम केलं की वर दोन-तीन डॉलर घेतात ना, तो. म्हणजे तुमचे-आमचेच पैसे, ऑनसाईटवाल्यांनी तर भरपूर भरलेत :-) त्यातून गरजूंना कायदेशीर मदत देता येते, पण प्रकरण 'पात्र' आहे का ते आधी तपासून. आता दिल्लीशी कागद फिरवत पात्रता तपासेपर्यंत जबाब होऊन गेलेला असतो. खलाशाच्या बाबतीत हे उलटं करायला काय हरकत आहे? वकील पहिल्या दिवशी, पात्रता नंतर, आणि पैसे मालकाकडून किंवा भरती करणाऱ्या एजंटाकडून वसूल. लायसन्सवाल्या एजंटाकडून आपलं नौवहन महासंचालनालय बँक गॅरंटी घेतंच. तेच ऑफिस मुंबईत, खलाशांच्या मोठ्या युनियन मुंबईत, म्हणजे ज्यांनी एकमेकांना फोन करायचा ते सगळे एकाच लोकलच्या अंतरावर आहेत.

यावर परराष्ट्र खात्यात काम केलेला माणूस म्हणेल की बाबा, गाजावाजा केला की समोरचा देश अडून बसतो, काही कामं गुपचूपच होतात. मान्य. सुनील जेम्सचं काम गाजावाज्याने झालं की त्याच्या आड चाललेल्या शांत बोलण्यांनी, हे मला बाहेरून कळणार नाही. पण गुपचूप काम चाललंय आणि काहीच चाललेलं नाही, या दोन्हींचा आवाज घरच्यांना सारखाच ऐकू येतो. आईला आठवड्यातून एक फोन, 'गेल्या मंगळवारी आमचा माणूस भेटून आला, तब्येत ठीक आहे', याने कुठलीही मुत्सद्देगिरी बिघडत नाही. २०१५ पासून 'मदद' नावाचं पोर्टल आहे, तक्रार टाकता येते, नंबर मिळतो. चांगली गोष्ट आहे. पण रत्नागिरीच्या मामीला ते उघडता येईल का, हा प्रश्न आहेच. तिला तर लाईट बिलही मीच भरून देतो.

मार्च २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या कायदेविषयक समितीने गुन्ह्याच्या संशयावरून पकडलेल्या खलाशांना कसं वागवावं याची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली. दुभाषी, वकील, वकिलातीशी संपर्क, सगळं त्यात आहे. बंधनकारक मात्र नाहीत. तरी हातात धरायला एक कागद झाला. जगाला सर्वात जास्त खलाशी पुरवणाऱ्या देशांत आपण आहोत. तो कागद टेबलावर आपटायचा मान आपलाच.

शनिवारी संध्याकाळी पिंट्याला फोन केला. नौवहन महासंचालनालयाच्या साईटवर लायसन्स असलेल्या कंपन्यांची यादी आहे, त्यात त्याच्या एजंटाचं नाव नाही, हे सांगितलं. एक स्पेलिंग इकडचं तिकडे करूनही शोधलं, नाही. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "दादा, दीड लाख दिलेत त्याला. आणि लायसन्सवाल्यांकडे दोन वर्षं चकरा मारतोय मी, जागाच नाही म्हणतात."

यावर काय बोलणार? मी दरमहा एक तारखेला पगार येणारा माणूस. 'जाऊ नको' हे मला सोपं आहे.

मी म्हटलं, पैसे परत मागून बघू, मी येतो पुढच्या शनिवारी. आणि तरी गेलासच कुठे, कधीही, कुठल्याही जहाजावर, तर एक वाक्य पाठ कर. इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये. मला माझ्या वकिलातीशी बोलायचंय, त्याआधी सही करणार नाही. त्याने दोनदा म्हणून दाखवलं. फ्रेंच उच्चार आम्हा दोघांचेही भयानक होते, मागून मामी विचारत होती की ही कुठली भाषा. मग तिने फोन घेतला. "काय रे, बरी आहे ना कंपनी?"

म्हटलं, मामी, शनिवारी येतो तेव्हा बोलू. एजंटाची पावती तेवढी शोधून ठेव.